पीडितादार

सुहासने मोबाईल टेबलावर ठेवला आणि एका बोटाने सुचित्राकडे सरकवला.

"मॅडम, हे टायपिंग आपलंच ना?"

तिने चष्मा पुसला आणि वाचलं. तिनेच टाइप केलेल्या निकालपत्राच्या एका पानाचा फोटो होता. 'सरकारी पीडितादार क्रमांक तीन हे फितूर झाले.' दोन ओळी सोडून, 'इतर पीडितादारांचे जबाब विसंगत आहेत.' फोटोखाली हसून लोळणाऱ्या तोंडांची रांग लागली होती.

खटला अत्याचाराचा. अशा खटल्यात मुलीचं नाव निकालात कुठेही दिसता कामा नये, असा कायदा आहे. न्यायाधीश साहेबांनीही दोनदा बजावलं होतं. म्हणून तिने कॉम्प्युटरला सांगितलं, हे नाव शोध आणि सगळीकडे 'पीडिता' घाल. त्याने इमानेइतबारे घातलं. पण मुलीचं नाव असं, की दर वर्गात त्या नावाच्या दोन मुली सापडाव्यात, आणि कोर्टातही दिवसभर तोच शब्द कानावर पडावा. 'साक्षीदार'मधलं 'दार' काढलं की उरतं ते तिचं नाव. झाकायला गेलेल्या बाईने झाकणावरच नाव लिहून ठेवलं होतं.

"कोर्टाच्या वेबसाइटवर कधीपासून आहे?"

"अकरा दिवस. आत्ताच काढायला लावलंय." सुहास साहेबांचा बेंच क्लार्क, तिच्याहून पंधरा वर्षांनी लहान, पण जीभ जपून वापरणारा. "लोक गंमत म्हणून फिरवतायत. पण खालचं वाचा."

खाली कुणीतरी कोडं घातलं होतं. मूळ शब्द ओळखा, म्हणजे पोरीचं नाव कळेल. बावीस जणांनी ओळखलं होतं. तेविसाव्याने गावही सांगून टाकलं होतं.

सुचित्राचे वडील विष्णुपंत याच कोर्टात तीस वर्षं टाइपरायटरवर बसले. कागदावर लाकडी पट्टी धरून, एकेक ओळ हलक्या आवाजात वाचल्याशिवाय त्यांनी पान कधी पुढे दिलं नाही. ती पट्टी अजून सुचित्राच्या खणात होती. त्या दिवशी ती बाहेर निघाली नव्हती, एवढंच.

साहेब रागावले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी लेखी खुलासा मागितला आणि दुरुस्त प्रत तयार करायचा आदेश दिला. दोन दिवस सुचित्रा एकेक शब्द हाताने दुरुस्त करत बसली. एकशे त्रेचाळीस जागा निघाल्या. भीती माणसाला जरा जास्तच सावध करते. मुलगी स्वतः खटल्यातली पहिली साक्षीदार होती. आता तो शब्द तिच्या आसपासही नको, म्हणून सुचित्राने तिच्यापुढचं 'साक्षीदार क्रमांक एक' हे सगळीकडून काढलं आणि नुसतं 'पीडिता' ठेवलं. साहेबांनी सही केली.

तिसऱ्या दिवशी सुचित्रा निकालाच्या प्रती देणाऱ्या नकलेच्या खिडकीवर बसली असताना मुलीची आई लंकाबाई आली. मागे मुलगी. तिच्या एका हातात फुगलेली बॅग होती, दुसऱ्या हातात प्लॅस्टिकची बादली, बादलीत मग आणि साबणाची डबी.

"बाई, नवा कागद निगालाय म्हनं. त्यो न्यायला आलोय."

सुचित्राची नजर बादलीवरून हलेना. "सुट्टी लागली का?"

"न्हाई. श्रीरामपूरला नर्सिंगला हुती, हॉस्टेलात. तितं कुनाला काय म्हाईत नव्हतं." लंकाबाईने पदर सारखा केला. "आता हाय."

"रूमवरच्या मुलीनं मला फोटो दाखवला," मुलगी पहिल्यांदाच बोलली. "हसत हसत. मी कोन हाय ते तिला ठाऊक नव्हतं. मी पन हसले. सांजच्याला कळलं तिला."

"टाइप मी केलं होतं," सुचित्रा म्हणाली. "चूक माझी आहे." दोन दिवस मनात घोळवलेली बाकीची वाक्यं कुठे गेली कोण जाणे. फार लाज वाटली तिला.

मुलीने मान हलवली. कबुली पोचली, एवढाच त्याचा अर्थ. मग बादली खाली ठेवून ती उभ्या उभ्या प्रत चाळू लागली. साक्षीदारांच्या यादीपाशी तिचं बोट थांबलं.

"मॅडम, यात पयली साक्षीदार कुठंय?"

"तिथे पीडिता लिहिलंय. म्हटलं, तुझ्याच भल्यासाठी."

"चुलता फिरला. शेजारीन फिरली. मला त्यांच्या वकिलानं दोन दिस उभं केलं हुतं. मी न्हाई फिरले." आवाज चढला नाही तिचा. "फिरले त्यांचं नंबर हायेत यात. दोन, तीन. एक नंबरच न्हाई."

खरं होतं ते. तिच्या एकटीच्या जबाबावर आरोपीला शिक्षा लागली होती. सुचित्रानेच ते पान टाइप केलं होतं.

"आता साहेबांची सही झाली गं," ती म्हणाली.

"ऱ्हाऊ द्या," लंकाबाई म्हणाली. "एसटी जाईल."

सुचित्राने रजिस्टर फिरवून पुढे केलं. "प्रत मिळाली म्हणून इथे सही."

मुलीच्या मागे चारपाच माणसं खोळंबली होती. वकिलाचा एक कारकून उगाचच मान लांब करून रजिस्टरात पाहत होता. सुचित्राने त्याच्या बाजूला तळहात आडवा धरला. मुलीने पेन घेतलं, दोन अक्षरं लिहिली आणि थांबली. कारकुनाचे चवड्यांवर उंचावलेले पाय तिलाही दिसले असावेत. तिने त्या दोन अक्षरांना चिकटून 'दार' लिहिलं. थोडी जागा सोडून 'क्र. १' लिहिलं. पेन ठेवलं, बादली उचलली आणि आईच्या मागोमाग चालू लागली.

अशी सही चालत नाही, हे सुचित्राला पक्कं ठाऊक होतं. तिने खणातून पट्टी काढली, त्या ओळीखाली धरली, हलक्या आवाजात एकदा वाचलं आणि शिक्का मारला.