एकाच दिवसाचे डाग

मी एक जीन्स बोलतेय. निळी, अंगाला चिकटून बसणारी, मांड्यांवर रंगाचे शिंतोडे उडालेली आणि डाव्या गुडघ्याला मुद्दाम फाडलेली. तुम्ही मला दुकानाच्या काचेत पाहिलं असेल आणि 'शी' तरी म्हणाला असाल, नाहीतर 'वा' तरी. मला दोन्हीचं सोयरसुतक नाही. ज्यांना माझ्यात शिरता येत नाही ते शी म्हणतात, आणि जे शिरतात त्यांना बाहेर पडता येत नाही, एवढाच काय तो फरक.

माझा जन्म एका लांबलचक शेडमधला. एकीने पाय शिवले, दुसरीने चेन बसवली, तिसरीने खिसे. खिसे आपले म्हणायचे. किल्ली आत गेली तर ती काढायला बोटं जात नाहीत. तिथून मला डागांच्या टेबलावर नेलं. हो, डागांना वेगळं टेबल असतं. तिथे एक बाई दात घासायच्या ब्रशावर रंग घ्यायची, अंगठ्याने त्याचे केस मागे ओढायची आणि माझ्यावर फर्रकन उडवायची. समोर खुंटीला नमुना टांगलेला होता, त्याच्याकडे बघून बघून.

मुकादम येऊन म्हणाला, "बाई, थेंब जरा जास्त झालेत. हा पेंटर बेफिकीर वाटला पाहिजे, वेंधळा नाही."

"कुठला पेंटर?" बाईने विचारलं.

"कुठलाही."

त्या बाईच्या अंगावर गळ्यापासून घोट्यापर्यंत प्लास्टिकचा एप्रन होता. तरी एक थेंब तिच्या बाहीवर उडालाच. मधली सुट्टी सगळी तिने तो रॉकेल लावून घासण्यात घालवली. माझ्यावर दोनशे थेंब उडाले की मी काचेत जाणार, आणि तिच्या बाहीवर एक उडाला की तिने जेवण सोडायचं. माणसांना अक्कल किती असते ते मला तिथेच कळलं. तेव्हापासून मला कोणाबद्दल फारसा आदर वाटलेला नाही.

मला घेतलं ते एका गादीवाल्याने. म्हणजे गाद्यांच्या दुकानात विक्रीला उभा राहणारा एक तरुण. वय सव्वीस, कंबर चौतीस, आणि जीन्स घेतली तीस नंबरची. मला अंगावर चढवणं हा रोजचा सोहळा असायचा. पलंगावर उताणं पडायचं, श्वास कोंडायचा, पोट पाठीला लावायचं आणि डोळे मिटून चेन ओढायची. दाराबाहेरून त्याची आई विचारायची, "काय धडपडतंय रे आत?"

"कपडे घालतोय."

"घालतोयस की त्यांच्याशी भांडतोयस?"

एकदा मी चढले की स्वारीची सगळी चालच बदलायची. खाली पडलेलं पेन उचलायचं तर कमरेत न वाकता एक पाय मागे फेकून बगळ्यासारखं खाली जायचं. खुर्चीवर टेकायचं ते नुसतं काठावर. संध्याकाळी मला उतरवलं की त्याच्या कमरेवर माझ्या शिवणीचा लाल वळ उठलेला असायचा, आणि तो आरशात बघून खूश. असल्या माणसाचं काय करायचं, सांगा.

तरी हेही चाललं असतं. पण स्वारी प्रेमात पडली. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग म्हणतात. आमच्या नवऱ्याच्या गुडघ्याला बाशिंग नव्हतं, भोक होतं.

मुलगी समोरच्या चष्म्याच्या दुकानात कामाला होती. याचे डोळे ठणठणीत, तरी महिन्याभरात चार वेळा तपासून आला. चौथ्या वेळी तिने अक्षरांचा तक्ता बाजूला ठेवला, स्वतःचा चष्मा नाकावर सरकवला आणि माझ्याकडे बघून विचारलं, "हे डाग कसले?"

आता माणसाने सरळ सांगावं, की असेच मिळतात. पण नाही. उचलली जीभ, लावली टाळ्याला. "मी पेंटर आहे ना," गादीवाला म्हणाला. "दुकान आपलं असंच, वरखर्चाला."

हा शाळेत चित्रकलेत काठावर पास झालेला. घरात याने रंगवलेलं एकच चित्र होतं, डोंगरामागून उगवणारा सूर्य, आणि त्यातला सूर्यही त्रिकोणी.

"हो का?" ती म्हणाली. "माझे बाबापण पेंटरच."

याला वाटलं, लॉटरी लागली. घरी जाऊन आईला सांगितलं, तिचे वडील मोठे कलाकार आहेत. तिकडे तिने बाबांना सांगितलं, एक मुलगा आहे, मला आवडलाय, पेंटर आहे. बाबा म्हणाले, "मग रविवारी कामावरच पाठव. माणूस कामावर बघावा." एकच शब्द, पण एक जण त्यात चौकटीतली चित्रं बघत होता आणि दुसरा भिंती.

रविवारी सकाळी मला इस्त्री झाली. केसांना काहीतरी चोपडून, पत्त्याचा कागद हातात घेऊन स्वारी निघाली. वाटेत तो पुटपुटत होता, "आपल्या रंगांत एक शांतता आहे, काका." मला हसू येत होतं, पण मी ताणलेलीच असते, हसायला जागा कुठली.

पत्ता निघाला दाताच्या डॉक्टरच्या नव्या दवाखान्याचा. जमिनीवर रद्दी पसरलेली, मधोमध प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली ती आडवं पडायची खुर्ची, कोपऱ्यात बादल्या, आणि बादल्यांमध्ये उभा एक साठीचा माणूस. त्याच्या पॅन्टचा मूळ रंग कोणता, ते त्या पॅन्टलाही आठवत नसेल. तोच मोठा कलाकार.

"ये. चपला बाहेर काढ," म्हातारा म्हणाला, आणि मग त्याची नजर माझ्यावर गेली. मला लोकांच्या नजरांची सवय आहे. पण हा कपडे बघत नव्हता, वाचत होता.

"मागे वळ."

गादीवाला वळला.

"गुडघ्याच्या मागे रंग कसा उडाला? भिंतीकडे पाठ करून मारतोस?"

कारखान्यात मला आधी पालथं घातलं होतं आणि मग उताणं, हे त्याला कुठून माहीत असणार? म्हाताऱ्याने आणखी काही विचारलं नाही. ब्रश पुढे केला आणि शिडीकडे हनुवटी हलवली. "चढ."

पहिली पायरी झाली. दुसरीला मी आवळून धरलं. तिसरीला त्याने गुडघा वर घेतला आणि मी मागून अशी फाटले, की रस्त्यावरच्या कुत्र्यानेही मान वर केली असेल. हात दाखवून अवलक्षण करून घेणारे पुष्कळ पाहिले, याने हाताची मर्यादाही पाळली नाही.

म्हातारा हसला नाही. त्याने पिशवीतून स्वतःची जुनी नाडीची पॅन्ट काढून दिली. गादीवाला खुर्चीच्या आड जाऊन बदलून आला, आणि मला त्याने खिडकीच्या कडीला अडकवलं. पुढचं सगळं मी तिथून पाहिलं.

"मी पेंटर नाही," तो म्हणाला. "गाद्या विकतो. कधी ब्रश धरलेला नाही."

"ते कळलं."

"मी निघू का?"

म्हातारा बादलीतला रंग ढवळायला लागला. गादीवाला खरंच निघायला लागला, दारापाशी थांबला आणि वर बघू लागला. चारही भिंती गुळगुळीत, नुकत्याच रंगवलेल्या, आणि वर छत तसंच. सिमेंटचे डाग, पेन्सिलीच्या खुणा, सगळं उघडं.

"छत शेवटी करतात का?" त्याने विचारलं. "थेंब नाही का पडत खालच्या नव्या भिंतींवर?"

"माझी पद्धत आहे ती."

अडाण्यालाही पटू नये असलं उत्तर. वरून खाली यायचं, हे रंगातलं पहिलं शहाणपण, आणि म्हातारा चाळीस वर्षं या धंद्यात. मला वाटलं, आता हा मठ्ठ मान डोलावेल आणि जाईल. पण त्याने म्हाताऱ्याच्या उजव्या कोपराकडे बघितलं. ते कोपर सकाळपासून बरगडीला चिकटलेलं होतं.

"काका, तुम्ही उजव्या कुशीवर झोपत नाही ना?"

"का?"

"दिवसातून वीस माणसं माझ्यासमोर गादीवर आडवी होतात. खांदा धरलेला माणूस आडवा व्हायच्या आधीच कळतो. तुम्ही ती पॅन्ट मला दिलीत ना, ती डाव्या हाताने काढलीत, आणि पिशवी तर उजवीकडे होती."

म्हातारा पालथ्या बादलीवर बसला.

"वर जात नाही," तो म्हणाला. "खांद्याच्या वर वीतभरसुद्धा नाही. भिंती करतो शिडीवर चढून. छत कसं करणार? बाहेर कळलं तर उद्या कोणी जिनासुद्धा रंगवायला देणार नाही. घरी कळलं तर पोरगी कामावर जाऊ देणार नाही. मग मी घरात बसून काय करू? इथे परवा डॉक्टर येणार. येणारा प्रत्येक माणूस त्या खुर्चीत आडवा पडून तोंड उघडून छताकडेच बघणार. म्हटलं, पोरीचा पेंटर आहे, घरचाच होईल, तोंड बंद ठेवून वरचं मारून देईल. तर तू असा निघालास."

एक सोंगाड्या होता, त्याचे दोन झाले. मला दोघांचीही कीव यायला हवी होती, पण ती माझ्या कापडात घातलेली नाही.

गादीवाला शिडीवर चढला. नाडीच्या पॅन्टमध्ये माणूस सहज चढतो, हे मला कबूल करावं लागेल. खालून म्हातारा सांगत होता, "ब्रश बुडवू नकोस, टेकव. कोपरे आधी. अरे, छताला रंग लावायचाय, स्वतःला नाही." पहिल्या तासात त्याने केस रंगवले, कान रंगवले, खुर्चीवरचं प्लास्टिक रंगवलं. दुसऱ्या तासात जरा छतही रंगायला लागलं. मान धरली की खाली यायचा, दोन घोट पाणी प्यायचा आणि परत वर. एकदा म्हणाला, "काका, हे तुम्ही चाळीस वर्षं केलंत?" म्हातारा म्हणाला, "गप्प राहा, तोंडात पडेल." आणि पडलाच.

दुपारी मुलगी डबा घेऊन आली. दारातच थांबली. वर छत ओलं आणि पांढरं, खाली पांढऱ्या भुवयांचा गादीवाला, आणि बाबा बादलीवर.

"बाबा, कसा आहे पेंटर?"

"हात बरा आहे त्याचा," म्हातारा जमिनीकडे बघत म्हणाला. म्हणजे तू माझं झाक, मी तुझं झाकतो, असा तो सौदा.

पण गादीवाल्याने तो घेतला नाही. "मी पेंटर नाही," तो तिला म्हणाला. "खोटं बोललो. गाद्याच विकतो. ती जीन्स तशीच मिळते. आज काकांनी शिकवलं म्हणून काकांच्या हाताखाली केलं." म्हाताऱ्याच्या खांद्याबद्दल मात्र त्याने अवाक्षर काढलं नाही.

मी वाट बघत होते, आता हिचा चेहरा पडेल, रडारड होईल. तिने डबा खिडकीत ठेवला, माझ्या शेजारी, आणि माझा एक पाय बोटांच्या चिमटीत धरून उचलला.

"दहाव्या वर्षापासून बाबांचे कामाचे कपडे मी धुतेय," ती म्हणाली. "हिच्यावरचे डाग सगळे एकाच दिवसाचे आहेत. पहिल्या दिवशीच कळलं मला."

"मग मला बोलावलंस कशाला?" गादीवाल्याने विचारलं.

ती बाबांकडे वळली. "आणि बाबा, सहा महिने झाले, तुमच्या शर्टाच्या खांद्यावर पांढरा एक ठिपका नाही. छत केलं की पडतो. किती घासला तरी राहतो. मी रोज शोधते."

मुलीने नाक ओढलं आणि डब्याचं झाकण उघडायला घेतलं, ते तिला उघडेना.

"छताला कोणीतरी हवं होतं. खरा पेंटर आणला असता," ती झाकणाशी झटत म्हणाली, "तर त्याने बाबांचं दुखणं दारातूनच ओळखलं असतं आणि संध्याकाळपर्यंत सगळ्यांना सांगून मोकळा झाला असता. म्हटलं, याला कशाला काय कळतंय."

"त्याला कळलं," म्हातारा म्हणाला.

मुलीने मान वर करून गादीवाल्याकडे बघितलं. तो आपला भुवईवरचा रंग खरवडत उभा.

म्हाताऱ्याने तिच्या हातातून डबा घेतला, डाव्या हाताने, आणि आता ते लपवलं नाही. वर बघून म्हणाला, "हा पहिला हात झाला. एका हाताने झाकलं जात नाही, खालचं दिसतंच. दुसरा हात लागतो." मग गादीवाल्याला म्हणाला, "उद्या सातला ये."

माझं काय झालं, म्हणाल. म्हाताऱ्याने आधी माझा बोळा करून ब्रश पुसून पाहिला. मी रंग शोषत नाही, नुसती ताणली जाते. "ही पुसायच्याही कामाची नाही," असं म्हणून त्याने माझे पाय कापले आणि शिडीच्या खुरांना बांधले, फरशीवर घसरू नये म्हणून. आता दर रविवारी गादीवाला माझ्यावर भार टाकून वर चढतो, आणि मी खाली तोंड दाबून पडलेली असते. वरून थेंब पडतात. ते कोणी मोजत नाही.

मी कोणाला उपदेश करायच्या भानगडीत पडत नाही, तुमची तेवढी लायकीही नाही. माझ्या बहिणी काचेत उभ्या आहेत, खुशाल घ्या, श्वास कोंडून चेन ओढा, आरशात बघून खूश व्हा. जगाला वाटेल ते सांगत सुटा, जगाला कळत नाही. फक्त तुमचे कपडे ज्या हातांनी धुतले जातात, त्या माणसापुढे तोंड उघडताना जरा जपून.