वेशीबाहेरची राजकन्या

गू वानछिंगने घडवलेली राजकन्या सकाळपासून पडद्यावर सीमेवरच्या भिंतीच्या दाराशी येरझारा घालत होती. चीनमधल्या छंग्दूच्या एका गेम कंपनीतली माणसं चहा पीत ते बघत होती. त्याने राजकन्येला काही फरक पडत नव्हता.

खेळात चीनचा हान सम्राट आपली मुलगी गवताळ मुलखातल्या शिओंग्नू टोळ्यांच्या राजाला द्यायचा, की हल्ले थांबायचे. आज चाचणीत तो म्हातारा जावई वारला. तिकडच्या रीतीने विधवा राणीने सावत्र मुलाशी लग्न करायचं. हे वानछिंगचा सहकारी बाओ याने लिहिलेलं, तो स्वतः मंगोल. हानांना ते ऐकूनच शिसारी, म्हणून राजकन्या माहेरी पळाली. दार बंद.

"गू ताई, दार का उघडत नाही?" बाओने वानछिंगला विचारलं.

"दिल्या घरची मुलगी. सांडलेलं पाणी कोणी भरून घेतं का?"

"हे कुठल्या इतिहासात आहे?"

वानछिंगने शोधलं. कुठल्याच नव्हतं. ते म्येनयांगला, तिच्या आईच्या घरी होतं. पाणी ओलं असतं इतक्या सहज तिने ते खेळात घातलं होतं.

साहेब, म्हणजे लाओ तान, खुर्चीसकट वानछिंगजवळ सरकत आला. "शिआओ गू, काढून टाक तिला. लग्न झालं, मैत्री वाढली, विषय संपला. पोरगी दिसायला कशाला हवी?"

"संध्याकाळपर्यंत थांबा."

"माझी दोन लग्नं याहून लवकर मोडली," लाओ तान म्हणाला आणि तसाच परत सरकला.

तेवढ्यात आईचा फोन. "छिंगछिंग, नवीन वर्षाच्या दुसऱ्या दिवशी ये हं. वर्ष सरतं त्या रात्री दिलेली लेक माहेरी जेवली की भावाची बरकत जाते."

"आई, माझा घटस्फोट झालाय. दिलं घर राहिलं कुठे?"

"म्हणून काय? दिली ती दिली." मग लगेच, "सॉसेज वाळत घातलेत. तुझ्या वाटणीचे पाठवून देते."

वानछिंगने फोन ठेवला आणि तो नियम पुसून टाकला. दार उघडलं. राजकन्या आत गेली, अंगणात उभी राहिली. उभीच राहिली. परत आलेल्या मुलीने काय करायचं, हे कोणीच लिहिलं नव्हतं. सम्राट आला आणि तिच्या अंगातून आरपार निघून गेला.

"भूत झालं की हो," बाओ म्हणाला.

बाओने लिहिलेल्या गवताळ मुलखातल्या बायकांना मात्र सगळं येत होतं: घोडी दोहणं, शेकोटी पेटवणं, नवऱ्याला शिव्या देणं. वानछिंगने ते सगळं राजकन्येत उतरवलं, तिला वेशीबाहेर आणलं, एक तंबू दिला, एक घोडी दिली. राजकन्येने लगेच शेकोटी पेटवली. ती जागा कोणाचीच नाही हे पाहून खेळाने तिथे नवा देश जाहीर केला. लोकसंख्या एक. पाठोपाठ सम्राटाचा वकील नव्या शेजाऱ्याला मुलगी देण्याचा प्रस्ताव घेऊन हजर.

लाओ तान इतका हसला की चहा नाकात गेला. "राहू दे! हे असंच राहू दे!"

वानछिंगने राजकन्येच्या वतीने नकाराचं बटण दाबलं. सम्राटाने युद्ध पुकारलं. नकाराला युद्ध, हाही तिनेच लिहिलेला नियम.

जिन्यात जाऊन तिने आईला फोन लावला. "मी दुसऱ्या दिवशीही येत नाही."

"मग जेवणार कुठे?"

"घरी."

"कोणाच्या?"

"माझ्या."

आईने फोन ठेवला नाही. तिच्या मागे वहिनी वाडगी एकात एक रचून ठेवत होती, तो आवाज वानछिंग ऐकत राहिली.