माझ्यातून बोललेला कप्तान

मी एक जुना हेडफोन आहे, आणि मला किळस येते. मित्रांनो, घामाची नव्हे. घाम, केसांतले तेल, कानातला मळ हे सगळे माझ्या गाद्यांनी वर्षानुवर्षे सोसले. ती घाण ओल्या फडक्याने निघते. मला किळस येते ती एका गोड आवाजाची. तो माझ्यातून गेला आणि अजून माझ्या तारांना चिकटून बसला आहे.

कारखान्यातून मी थेट एका कचेरीत आलो. फ्रीज गार होत नाही, पंखा खडखडतो, अशा तक्रारी लोक तिथे फोनवरून सांगत. त्या ऐकणाऱ्या एका बाईच्या डोक्यावर माझी जागा होती. लोक तोंडाला येईल ते बोलत आणि ती डोक्यावर बर्फ ठेवून म्हणे, "आपली गैरसोय आम्ही समजू शकतो." ते वाक्य समोरच्या कागदावर छापलेलेच होते. आधी माणसाचे नाव तीनदा घ्या, मग कळवळा दाखवा, मग हवे ते विचारा, अशी तिथली शिकवण होती. बाई त्यात इतकी तरबेज झाली की वरचे साहेब नव्या मुलींना तिच्याशेजारी बसवत. ते दिवस मला आठवतात. तेव्हा माझी छाती फुगायची.

कचेरीत नवे हेडफोन आले आणि मी अडगळीत पडलो. बाईने मला घरी नेले, आपल्या तेरा वर्षांच्या मुलीसाठी. एका जागी ठरत नाही म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. माझी डावी बाजू तेव्हा मुकी झाली होती. इमारतीच्या तळाशी दुरुस्तीवाल्या काकांचे दुकान होते. काका दूरच्या मुलखातून आलेले, त्यांच्या बोलण्याचा हेलही वेगळा. त्यांनी मला उघडून तुटलेली तार डाख देऊन जोडली. "घे पोरी, आता हा तुला नोकरी लागेपर्यंत मरत नाही," ते म्हणाले.

भिंगरी एक खेळ खेळायची. किल्ला बांधायचा आणि दुसऱ्या टोळ्यांपासून राखायचा. पाचसहा मुले आपापल्या घरातून एकमेकांशी बोलत खेळत. त्यांच्या म्होरक्याला सगळे कप्तान म्हणत. त्याचा चेहरा कुणी पाहिला नव्हता, पण आवाज चांगला थोराड होता. "जेवलीस का गं? अभ्यास झाला का?" तो विचारायचा. एकदा आईने कान लावून ऐकले आणि म्हणाली, "किती अदबीनं बोलतो! आमच्याकडे फोन करणाऱ्यांनी शिकावं याच्याकडून." जन्मभर नम्रपणावर शाबासकी मिळवलेल्या त्या माउलीला नम्र आवाज म्हणजे भला माणूस वाटला. तिथेच ती फसली.

पहिल्यांदा आले ते विनोद. बाहेरून येऊन राहिलेल्या लोकांना कप्तान उंदीर म्हणू लागला. सगळे खिदळत. भिंगरी गप्प राहिली की तो म्हणे, "आमची भिंगरी रुसली वाटतं!" चारआठ दिवसांत तीही हसू लागली. मग किल्ल्यावर चालून येणाऱ्या शत्रूंचेच नाव उंदीर पडले. मग निवडणूक आली. "आपली माणसं निवडून येऊ देत, गल्ल्या साफ करून टाकतील," कप्तान सांगू लागला. भिंगरीला मत नव्हते, पण डोळे होते आणि त्याला तेच हवे होते.

"तुझ्या गल्लीत आहे का एखादं बीळ? एक फोटो पाठव फक्त. खेळातलीच मोहीम समज."

तिने काकांच्या दुकानाचा फोटो पाठवला. त्याबद्दल तिच्या किल्ल्याला सोनेरी दरवाजा मिळाला. ती शाबासकी माझ्यातून जाताना मला शिसारी आली, पण हेडफोनला तोंड असून नसल्यासारखेच.

तिसऱ्या दिवशी सकाळी काकांच्या शटरवर हा एवढा काळा उंदीर रंगवलेला होता. खाली लिहिले होते, चालता हो.

दुपारी भिंगरी खेळायला बसली आणि तिने कप्तानाला शटरवरच्या उंदराबद्दल विचारले. दारावर थाप पडली. मला टेबलावर टाकून ती धावली. दारात काका होते, हातात रिकामी बादली. "थोडं गरम पाणी मिळेल का? रंग निघत नाहीये," ते म्हणाले. इकडे माझ्यातून आवाज येत होता, म्हणून जवळच असलेल्या आईने मला कानाला लावले.

"भिंगरी, ऐकतेस ना भिंगरी? भिंगरी, तुझ्यासारखी हुशार पोर शोधून सापडायची नाही. तुला वाईट वाटलं असेल, मी समजू शकतो. बरं, तो उंदीर दुकान किती वाजता उघडतो? एकटाच असतो ना?"

आईने ते लगेच ओळखले. नाव तीनदा, मग कळवळा, मग काम. तिचाच कागद तो तिच्या लेकीला वाचून दाखवत होता.

"नमस्कार," ती कचेरीतल्या आवाजात म्हणाली, "आपलं बोलणं नोंदवलं जात आहे. आपली तक्रार सांगा."

तिकडून खटकन जोडणी तुटली. शूर कप्तान शेपूट घालून पळाला.

आईने मला खाली ठेवले. "याला काकांचं दुकान कुणी दाखवलं?"

"मी. फोटो पाठवला," भिंगरी म्हणाली. "काका, मला खेळ वाटला."

काकांनी बादली पुढे केली. "खेळ तुझा झाला," ते म्हणाले. "घासतोय मी."

आईने सगळे पोलिसांना कळवले. भिंगरीने हाताची सालटी निघेपर्यंत शटर घासले. उंदीर गेला, त्याचे दोन कान मात्र राहिले. काका आता शटर अर्धेच उघडतात.

परवा माझी डावी बाजू पुन्हा मुकी झाली. आज भिंगरी मला घेऊन दुकानात आली. काकांनी मला उलटसुलट पाहिले. "माझा डाख शाबूत आहे. तार दुसरीकडे तुटलीय. ठेवून जा."

"मी थांबू का, काका?"

"थांब. पण बाहेर."

मित्रांनो, मला जपा असे मी सांगणार नाही. कुणी तुमचे नाव घोळवत गोड बोलू लागला आणि शेजारच्या माणसाला जनावर म्हणू लागला, तर मला डोक्यावरून काढा आणि घरात मोठ्याने सांगा. हसण्याआधी सांगा. काका आता माझी तार जोडत आहेत. भिंगरी अजून बाहेरच उभी आहे.