दुसऱ्या नंबरची पोरगी

बी.एस्सी. नर्सिंगची एक जागा शिल्लक होती. एकच. निकाल लागून चार महिने झाले होते, प्रवेशाच्या तीन फेऱ्या होऊन गेल्या होत्या आणि तिन्ही फेऱ्यांत काव्याच्या हाती काही लागलं नव्हतं. मग कुणा मुलीनं आपला प्रवेश रद्द केला आणि सोलापुराबाहेरच्या या कॉलेजनं नोटीस लावली. सरकारी शुल्काची एक जागा रिकामी आहे. यादीतल्या मुलींनी शुक्रवारी मूळ कागदपत्रं घेऊन दुसऱ्या मजल्यावर यावं, वहीत सही करावी. अकराला वही बंद. सही केलेल्यांत जिचा नंबर वर, तिला जागा. साध्या चौकशीला उत्तर द्यायला या लोकांना महिना लागतो, पण दार लावायची वेळ मात्र मिनिटासकट ठरलेली असते. राज्यभरच्या प्रवेशाची मुदतही त्याच दिवशी संपत होती, म्हणजे या जागेनंतर जागाच नव्हती.

काव्या यादीत तिसरी होती.

तिची आई दाक्षायणी कुंभारीच्या शाळेत खिचडी शिजवायची. बाप मल्लेश सूतगिरणीत होता. गेलं अख्खं वर्ष काव्यानं गणवेशाच्या कारखान्यात कॉलरी शिवत काढलं होतं. बारावीला बहात्तर टक्के घेतलेली पोरगी दुसऱ्यांच्या लेकरांचे शाळेचे शर्ट शिवत होती, आणि घरी आल्यावर बोटांना तेल चोळत पुस्तक उघडत होती. मल्लेशनं यंदा स्वच्छ सांगून टाकलं होतं, "ह्या वर्षी झालं तर झालं. परत परीक्षा, परत फॉर्म, आता न्हाय." तो वाईट नव्हता, थकला होता. सोमवारपासून काव्यानं कायमचं मशीनवर बसायचं, असं कारखान्यात बोलणंही झालं होतं. दाक्षायणीनं रात्रभर डोळ्याला डोळा लावला नव्हता.

सकाळी साडेदहाला दुसऱ्या मजल्यावर पाच मुली बसल्या होत्या. काव्यानं सही करून टाकली होती. ती मोबाईलवरच्या यादीकडं एकटक बघत होती.

"पयल्या नंबरचीनं लातूरला घेतलंय, ग्रुपवर टाकलंय तिनं," ती आईच्या कानाशी म्हणाली. "दुसऱ्या नंबरचीचा पत्ता न्हाय. ती अकरापातूर आली न्हाय, तर माझंच."

आता हे ऐकल्यावर कुठली आई गप्प बसेल? दाक्षायणीनं तिथल्या तिथं सिद्धरामेश्वराला साकडं घातलं. दुसऱ्या नंबरचीला बार्शी दे, पुणं दे, कुठंबी दे, पण हितं नको. तेवढ्यानं तिचं समाधान होईना. मग ती ओठांतल्या ओठांत म्हणाली, निघालीच असली तर तिला वाटंतच अडकव देवा. म्हटल्यावर तिनं गालांत मारून घेतलं. पण म्हटलेलं काही मागं घेतलं नाही.

"मम्मी, तू खाली जाऊन बस जा," काव्या वैतागून म्हणाली. "तुझं पुटपुटणं ऐकून माझं डोस्कं फिरायलंय."

दाक्षायणी खाली आली. या संस्थेचा पसारा मोठा होता. एकाच आवारात कॉलेज आणि दवाखाना. फाटकाशी एक मोटारसायकल थांबली होती, आणि वॉचमन एका माणसाला दवाखान्याचं फाटक मागच्या बाजूला आहे म्हणून हाकलत होता. माणसाच्या मागं एक पोरगी उभी होती, उभी म्हणजे एका पायावर. सलवार गुडघ्यावर फाटलेली, रक्त घोट्यापर्यंत आलेलं. बाप तिच्याशी कानडीत बोलत होता.

दाक्षायणीचं माहेर अक्कलकोटच्या खालच्या अंगाचं. माहेरची भाषा कानावर पडली, आणि समोर लेकीच्या वयाची पोर रक्तानं माखलेली. ती विचार करायला थांबली नाही. तिनं कानडीतच वॉचमनला झापलं. त्याला त्यातलं अक्षर कळलं नाही, पण तो बाजूला झाला. बापाला तिनं गाडी मागं लावून यायला पाठवलं, पोरीला धरून नळावर नेलं, गुडघा धुतला आणि आपला रुमाल त्यावर बांधला.

"कुटं पडलीस ग?"

"वळसंगजवळ. कुत्रं आडवं आलं."

"चल, दवाखाना मागं हाय. मी सोडते."

"दवाखाना नगं," पोरगी घाईघाईनं म्हणाली. "अडमिशन हाय माझं. नर्सिंगचं. एकच जागा हाय आणि मी यादीत दुसरी हाय. अकराच्या आत सही पायजे. कुटं हाय ते?"

दाक्षायणीनं पोरीच्या गुडघ्याकडं पाहिलं. रुमाल लाल होत चालला होता. वाटंतच अडकव, असं ती म्हणाली होती, आणि देवानं ऐकलं होतं. एवढी वर्षं इतकं मागितलं तेव्हा त्याच्या कानात बोळे होते, आणि हेच बरं त्याला नेमकं ऐकू गेलं.

"दुसरा मजला," तिच्या तोंडून निघालं. मग ती म्हणाली, "पण आदी बस हितं जिन्यावर. पाणी पी. चेहरा बघ कसा झालाय तुजा. मी आणते."

नळ हाताशी होता. तो सोडून ती व्हरांड्याच्या पार टोकाला असलेल्या कूलरकडं निघाली, आणि तीही रमतगमत. व्हरांड्याच्या भिंतीवरच्या घड्याळात दहा अठ्ठेचाळीस झाले होते. तिनं पेला विसळला. परत विसळला. काठोकाठ भरला, म्हणजे सांडू नये म्हणून हळू चालावं लागेल. आपण काय करतोय हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिला काव्याची बोटं दिसत होती, सुईनं टोचून टोचून टोकं घट्ट झालेली. तिला सोमवार दिसत होता आणि त्याच्यामागचे सगळे सोमवार दिसत होते. बारा मिनिटं. देवा, बारा मिनिटं सरू देत, मग मी काहीच मागणार नाही.

ती परत आली तेव्हा पोरगी जिन्याच्या तळाशी नव्हती. ती वर चढत होती. पायावर जोर देता येत नव्हता म्हणून ती पायरीवर बसून, हात मागं टेकून, उलटी वर सरकत होती. कागदांची फाईल तिनं दातांत धरली होती. सहा पायऱ्या झाल्या होत्या. दोन मजल्यांच्या अजून चाळीसेक होत्या. बापाचा अजून पत्ता नव्हता.

दाक्षायणी पेला धरून उभी राहिली. तिला काही करायचं नव्हतं, नुसतं उभं राहायचं होतं. पोरगी काही तिची कुणी नव्हती. या वेगानं ती सव्वाअकरालाही पोचली नसती, आणि दाक्षायणीला कुणी बोल लावला नसता. घरी काव्यानं पेढे वाटले असते. मल्लेश हसला असता, कितीतरी दिवसांनी.

पोरीचा हात निसटला. ती एक पायरी खाली आली आणि गुडघा कठड्यावर आपटला. ती ओरडली नाही, फाईल दातांत होती. तिनं ती हातात घेतली, दाक्षायणीकडं पाहिलं आणि विचारलं, "अव्वा, हन्नोंद आतेनु?"

अकरा वाजले का, एवढंच ती विचारत होती. हो म्हटलं असतं तरी भागलं असतं. पोरगी तिथंच बसून रडली असती, आणि सगळं संपलं असतं.

"इन्ना इल्ल," दाक्षायणी म्हणाली. अजून नाही. तिनं पेला पायरीवर ठेवला, वर गेली, पोरीचा हात आपल्या गळ्यात घेतला आणि तिला उचलल्यासारखं करून चढू लागली. रोज शंभर पोरांच्या खिचडीचं पातेलं उतरवणारी बाई ती, पोरीचं वजन तिला जड गेलं नाही. पहिल्या मजल्यावर ती थांबली नाही. थांबली असती तर पुढं गेली नसती, हे तिला कळत होतं.

दुसऱ्या मजल्यावर कारकून वही मिटायच्या बेतात होता. दहा अठ्ठावन्न. त्यानं पोरीचं नाव विचारलं. सृष्टी श्रीशैल बिराजदार. यादीवर बोट फिरवून तो म्हणाला, "दोन नंबर. करा सही."

काव्या उठून उभी राहिली होती. तिनं सृष्टीकडं पाहिलं, मग सृष्टीच्या कमरेभोवतीच्या आईच्या हाताकडं. चौथ्या नंबरच्या मुलीचा मामा मोठमोठ्यानं नियम विचारत होता, कारकून त्याला घड्याळ दाखवत होता. काव्या भांडली नाही. मार्कशीट, दाखला, जातीचं प्रमाणपत्र, एकेक कागद तिनं परत प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घातला आणि बटण लावलं.

तेवढ्यात श्रीशैल धापा टाकत वर आला. लेकीनं सांगितल्यावर त्याचे डोळे भरून आले. त्यानं दाक्षायणीला हात जोडले आणि लेकीला पाया पडायला सांगितलं. पोरगी तो गुडघा घेऊन वाकली. दाक्षायणीचा हात तिच्या डोक्यावर गेला, पण नजर काव्याकडं होती. सगळे बघत होते. शेवटी काव्याच म्हणाली, "दे की आशीर्वाद, मम्मी. पाय दुकतोय तिचा."

"चांगली शीक," दाक्षायणी कशीबशी म्हणाली.

बाहेर थांब्यावर ऊन रणरणत होतं. कुंभारीकडची गाडी यायला वेळ होता. मायलेकी शेजारी शेजारी बसल्या. मल्लेशचा फोन दोनदा येऊन गेला, कुणी उचलला नाही. काव्या समोरच्या रस्त्याकडं बघत होती. दाक्षायणीला वाटत होतं की पोरीनं बोलावं, ओरडावं, वाट्टेल ते म्हणावं. तिला सगळं ऐकून घ्यायचं होतं.

मग काव्यानं आईचा हात हातात घेतला.

"तू मनाला लावून घिऊ नकोस," ती म्हणाली. "तुला काय म्हाईत ती कोन हाय ते. म्हाईत असतं तर तू वर आणलं असतंस व्हय तिला?"

दाक्षायणीनं लेकीच्या तोंडाकडं पाहिलं.

"न्हाय," ती म्हणाली.

आणि काव्याला ते खरं वाटलं.