मुद्दा क्रमांक चार

माझे सासरे, म्हणजे आमचे बाबा, वकील. ते निवृत्त झाले असं आम्ही म्हणतो, ते स्वतः 'सध्या तारीख नाही' एवढंच म्हणतात. मी कायद्याच्या कॉलेजात शिकवते, त्यामुळे आमच्या घरात वादाला विषय कमी पडत नाही. माझं डोकं लवकर तापतं हे त्यांना पक्कं ठाऊक आहे, म्हणून ते मुद्दाम काड्या घालतात.

एक खटला त्यांच्या मनातून कधी गेलाच नाही. एका बाईने एका आजारी म्हाताऱ्याची वर्षानुवर्षं सेवा केली. तो गेल्यावर त्याच्या मुलांनी तिला घराबाहेर काढलं. बाबा तिच्या बाजूने उभे राहिले आणि हरले. जाताना ती त्यांचे आभार मानून गेली, ते आभार त्यांना अजून टोचतात. अशी सेवा करणाऱ्या माणसाला राहत्या घरात हक्क मिळायला हवा, असं मांडणारा लेख त्यांनी म्हातारपणी लिहायला घेतला. कोर्टाने ऐकलं नाही, निदान कायद्याच्या एखाद्या नियतकालिकाने ऐकावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

लिहायला घेतला म्हणजे जुन्या टायपिस्टला घरी बोलावून तोंडी सांगायला घेतला. मला ते लेखाला हात लावू देईनात. "तू प्राध्यापक. तुझा हात लागला की तळटीपा वाढतात," म्हणाले.

दोन नियतकालिकांनी लेख साभार परत पाठवला. तिसऱ्याकडे पाठवताना लेखातून नाव काढावं लागेल, लेखक कोण हे लेख तपासणाऱ्या परीक्षकाला कळता कामा नये, असं मी सांगितलं तर त्यांचा पारा चढला.

"म्हणजे वकीलपत्राशिवाय उभं राहायचं?"

"परीक्षकाचं नाव तुम्हालाही कळणार नाही, बाबा."

"मग ठीक आहे. दोघांनाही तोंड लपवायची मुभा."

या वेळी लेख परत आला नाही. परीक्षकाचे पाच मुद्दे आले आणि सोबत संपादकांचा निरोप आला, की उत्तर आणि सुधारलेला लेख शुक्रवारी संध्याकाळपर्यंत द्यावा, त्यानंतर विचार होणार नाही. मी कागद छापून, न वाचताच, बाबांच्या हातात दिले. ते घेऊन खिडकीशी बसले. मदत करू का, म्हणून विचारलं.

"विरुद्ध पक्षाचं म्हणणं मला वाचता येतं," ते म्हणाले. मी चिडून नाद सोडला.

शुक्रवारी दुपारी टायपिस्ट उत्तर ठेवून गेला. ते नियतकालिकाच्या वेबसाइटवर चढवायचं काम तेवढं माझ्याकडे होतं. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून मी उत्तर वाचायला घेतलं आणि कपाळावर हात मारला. पाचही मुद्द्यांना एकच उत्तर होतं: 'सदर मुद्द्यातील मजकूर खोटा, खोडसाळ असून या लेखकास अमान्य व नाकबूल आहे.' शेवटी, 'सबब परीक्षकांचे म्हणणे खर्चासह फेटाळण्यात यावे.'

"बाबा, हा काय दावा चाललाय?" मी समोर जाऊन उभी राहिले. "निकालाचं वर्ष दोन ठिकाणी वेगवेगळं पडलंय, असं तो म्हणतो. तेही नाकबूल?"

"आधी सगळं नाकारायचं. मग बघायचं. अशील सुरक्षित राहतो."

"इथे अशील कोण?"

मी तणतणत पुढचे मुद्दे चाळले. तिसऱ्यात युक्तिवाद दुबळा असल्याची तक्रार होती, तीही बरोबर होती. चौथा वाचला आणि मला हसू फुटलं. माणसाने नाकारावं तरी किती? परीक्षकाने केलेली स्तुतीसुद्धा त्यांनी खोटी आणि खोडसाळ ठरवली होती. आता चांगली फिरकी घेऊ म्हणून मी वळले.

ते माझ्याकडे बघत होते, पण नजर माझ्या खांद्यापलीकडे कुठेतरी लागली होती. माझं हसू तिथेच थांबलं.

"बाबा, चौथ्या मुद्द्यात काय आहे?"

"असेल काहीतरी आक्षेप."

"तुम्ही वाचलंच नाहीत."

त्यांनी नाकावरचा चष्मा सारखा केला. मग म्हणाले, "मुद्द्यांचे आकडे दिसतात. ठळक आहेत. बाकीच्या ओळी मधोमध पुसल्यासारख्या दिसतात. डॉक्टर म्हणतात, आता यापेक्षा सुधारणार नाही."

मला इतका राग आला की रडूच यायला लागलं. आम्ही एका घरात राहतो, एका टेबलावर जेवतो, आणि या माणसाने वाचता येत नाही हे आमच्यापासून लपवावं? टायपिस्टला सांगून लिहिणं, खिडकीशी बसणं, हे सगळं मी वकिली तोरा म्हणून सोडून दिलं होतं.

"मला सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं तर तू रात्रंदिवस खपली असतीस. लेख उत्तम झाला असता, पण तुझा झाला असता." ते खाली बघत म्हणाले, "तिचा वकील मी होतो ना गं."

मी खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसले.

"लेख तुमचाच राहील. मी नुसतं वाचते. काय बदलायचं ते तुम्ही सांगायचं, मी एक शब्द पदरचा घालणार नाही."

"तळटीप?"

"तीसुद्धा नाही."

"मग चौथ्यापासून सुरू कर. एवढी हसलीस कशाला ते कळू दे."

मी कागद हातात घेतला. "'त्या बाईची बाजू आजवर इतक्या न्याय्य रीतीने कुणी मांडल्याचं माझ्या वाचनात नाही. लेखकाने तिसरा भाग दुरुस्त करावा. हा लेख छापला गेलाच पाहिजे.'"

बाबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचायला लागले. 'न्याय्य रीतीने'पर्यंत आले आणि अडखळले.

"सावकाश," एखाद्या नवख्या ज्युनियरला सांगावं तसं ते म्हणाले. "घाबरायचं नाही. कोर्ट ऐकतंय."