धाकटीच्या गळ्यातला मणी

मधमाशी माणसाला एकदाच डसते आणि मरते. पंधरा वर्षांत माझ्यापायी किती मेल्या, मोजदाद नाही.

त्या उन्हाळ्यात तापाने गावातली तीन मुलं गेली.

सासूबाई पाहुण्यांना सांगतात, "धाकटीच्या मधाला चव निराळीच." पेट्या माझ्या. मध गाळणारी मी. पाहुण्यांपुढे बरणी तेवढी माझी धाकटी जाऊ करते.

लग्नातली अंगठी मी लोहाराकडून कापून घेतली. डंखांनी बोट इतकं सुजलं होतं. धाकटी कधी पेटीत उघडा हात घालते, आणि माश्या तिच्या मनगटावरून अंगणात फिरावं तशा फिरतात.

"चेटकीण म्हणजे कोण?"

हे पारखी विचारत होता, बाजारचौकातल्या दगडी कट्ट्यावरून. चेटकिणी ओळखून देणं हा त्याचा धंदा. सगळा गाव कामं टाकून त्याच्यापुढे उभा होता.

"जी रानाशी बोलते! आणि रान जिला उत्तर देतं! माणूस फसेल, मी फसेन, माशी फसत नाही. सतरा गावांत सतरा सापडल्या. अठरावी इथंच उभी आहे आणि मला हसतेय!"

कुणीच हसत नव्हतं. तरी पाचसहा जणींनी घाईने ओठ मिटून घेतले.

ठराव आदल्याच दिवशी झाला होता. मुलं चेटकिणीने खाल्ली. माश्या जिच्यावर बसतील ती चेटकीण. तिला दगड बांधून नदीत सोडायचं. संशय पाच जणींवर होता: सुईण, दोन विधवा, तोतरी कुंभारीण आणि आमची धाकटी. पारख्याने प्रत्येकीच्या गळ्यात अक्रोडाएवढा लाकडी मणी बांधला. मग स्वतःबरोबर आणलेल्या खोक्याचं झाकण काढलं.

माश्या उठल्या, चौकावर गरगरल्या आणि धाकटीच्या गळ्यावर उतरल्या. गळा, हनुवटी, ओठ. दाढीसारख्या लोंबू लागल्या. एकही डसली नाही.

"बघा! लेकरं आईकडे आली!" पारखी गरजला.

"थोरल्या बाई, तुमच्याच घरात की हो ही!" भाजीवाली मला म्हणाली. "झोप कशी लागायची तुम्हाला?"

धाकटीला बोलता येत नव्हतं. ओठ उघडले असते तर माश्या तोंडात गेल्या असत्या. ती नुसती माझ्याकडे बघत होती.

मला आधी दया आली असं म्हणणार नाही. माझ्यावर कधी अशा बसल्या नाहीत, हे मनात आलं.

मग आलं, की या डसत का नाहीत? पंधरा वर्षं ठाऊक असलेलीच गोष्ट होती. खोक्यातून सोडलेल्या माशीला ना घर असतं, ना पिल्लं, ना मध. राखायलाच काही नसलं की ती सहसा डसत नाही. तिला एकच हवी असते, राणी. राणी जिथे, तिथे सगळ्या.

मी जवळ गेले. मण्याला सुईएवढी भोकं होती आणि एका टोकाला मधसाखरेचं बूच. राणीमाशी एका पेटीतून दुसरीत न्यायला मी असल्याच डब्या कोरते. माझं कोरीवकाम बरं असतं.

"थोरले, मागे हो, बाधा होईल!" मुखिया ओरडला.

"फार तर डसतील. सवय आहे."

दोरी सोडताना तीन डसल्या. मला. धाकटीला तेव्हाही एक नाही!

पारख्याला कळायच्या आत तो मणी मी त्याच्या गळ्यात घातला आणि दोरीला गाठ मारली. जरा वेळ काहीच झालं नाही. मग माश्या धाकटीवरून उठल्या आणि त्याच्याकडे वळल्या.

"अगं बाई," सुईण म्हणाली, "लेकरं बापाकडे निघाली!"

पारख्याने हात झटकले. झटकणाऱ्याला माशी सोडत नाही. गाठ काही त्याला सुटेना.

"काढा! मणी काढा! आत राणी आहे, मूर्खांनो, राणी!"

मी दोरी कापली, बूच उकरलं, आणि राणी माझ्या तळहातावर आली. मुखियाने वाकून बघितली. मग उरलेले चार मणी फोडले. भरीव लाकूड.

आता तुम्हाला विचारते. सतरा गावांत सतरा बायका बुडाल्या. एका माणसाला मणी हातात घेऊन बघावासा वाटला नाही? मुलं तापाने गेली. ताप कुठून येतो ते शोधा, विहिरीपासून सुरुवात करा. आणि एखादीला तुमच्याहून चांगलं जमत असेल, तर ती ते कसं करते ते तिला विचारा. मी विचारलं. ती म्हणाली, "हळू, थोरल्या बाई. तुम्ही फार घाई करता." अजून जमत नाही. अजून जळते मी, पण आता पेटीपाशी तिच्या शेजारी उभी राहून.

पारखी यायच्या आठ दिवस आधी त्याचा माणूस गावात कुणाविषयी कुजबुज आहे ते विचारत दारोदार फिरत होता, आणि आमच्या दारात त्याला धाकटीचं नाव मी सांगितलं.