‘माहेर’मध्ये पुरुष नको

कोल्हारला नगर-मनमाड रस्त्यावर मी ‘माहेर’ नावाचं हॉटेल काढलं, तेव्हाच ठरवलं होतं की इथं एकही पुरुष कामाला दिसणार नाही. चुलीवर बायका, वाढायला नऊवारीतल्या बायका आणि गल्ल्यावर मी, आरती. दमलेल्या बाईनं यावं, पाय पसरून बसावं आणि आयती गरम भाकरी खावी. दारावर कागदही तसाच लावला: ‘वाढायला माणसं पाहिजेत. फक्त महिला.’

पहिल्याच सकाळी दारात उभे कोण, तर गावातले यशयाभाऊ! पंचावन्नचं वय, पांढऱ्या मिशा. वीस वर्षं एका ढाब्यावर वाढप्याचं काम केलेलं. रस्ता रुंद झाला आणि ढाबा गेला.

“पोरगं पुन्याला बोलावतंय,” ते म्हणाले. “पर मरियमची, माझ्या मालकिनीची, शाळेतली नोकरी आजून तीन वर्सं हाय. तिला टाकून कुठं जाऊ? हितंच काम द्या, ताई.”

“कागद वाचलात ना? फक्त महिला.”

“वाचला की. पर वाढाय येतं का, हे कुठं इचारलंय त्यात?”

माझं डोकं तापलं. “नऊवारी नेसाल?”

“नेसतो की. फकस्त कासोटा मरियमकडून घालून घ्यावा लागंल.”

आत चुलीपुढं बसलेली साळूबाई इतकी हसली की तव्यावरची भाकरी करपली. मला मुळीच हसू आलं नाही.

माझी भाची ज्ञानेश्वरी नगरला सावेडीत राहून वकिली शिकते. ही तरी माझी बाजू घेईल म्हणून तिला फोन लावला.

“मावशी, तो कागद आधी काढ,” ती म्हणाली. “नोकरी देताना बाई-पुरुष भेद करायला कायद्यानं मनाई आहे.”

“अगं, तो कायदा आपल्यासाठी ना? बायकांसाठी?”

“सगळ्यांसाठी. उद्या कुणी ‘फक्त पुरुष’ लिहिलं, तर तू गप्प बसशील?”

गप्प कशी बसेन? ‘बाईमाणसाला गल्ला झेपत नाही’ म्हणून याच रस्त्यावर एका हॉटेलवाल्यानं मला वाटेला लावलं होतं. पण ती गोष्ट वेगळी, असं मी मनाशी म्हणाले. आणि लगेच विषय बदलला.

“आणि माझ्या थीमचं काय?”

“थीमचं कारण चालत नाही, मावशी.”

चरफडत मी यशयाभाऊंना रविवारी एक दिवस काम बघायला बोलावलं. खरं सांगते, मनात पाप होतं. गिऱ्हाईकच नाक मुरडेल आणि ब्याद परस्पर टळेल, असा माझा हिशेब.

रविवारी ते धोतर, सदरा, टोपी अशा थाटात हजर. अकराच्या सुमाराला शिर्डीहून कर्जतला परतणाऱ्या बायकांची गाडी थांबली. आमच्या मुली मी शिकवल्याप्रमाणे दारात हात जोडून उभ्या राहिल्या. यशयाभाऊ मात्र तडक गाडीपाशी गेले. साठीच्या एक बाई उतरत होत्या. त्यांच्या हातातली पिशवी यशयाभाऊंनी काढून घेतली.

“आलीस का, बाई? वाटंत तरास न्हाई ना झाला? चल, आदी पानी घे.”

बाई जागच्या जागी थबकल्या. त्यांचे डोळे भरून आले.

“माझे वडील स्टँडवर अशीच पिशवी घ्यायचे,” त्या सोबतिणींना म्हणाल्या. “जाऊन तीस वर्षं झाली त्यांना.”

मग जेवण असं रंगलं म्हणता! यशयाभाऊ भाकरी घेऊन उभेच. “आजून अर्धी घे गं, लई वाळलीस.” बाई चांगल्या अंगानं भरलेल्या होत्या, पण ते ऐकून इतक्या खूश झाल्या की अर्धीच्या जागी एक घेतली. बाकीच्या पाचजणीही लहान पोरींसारख्या ताटं पुढं करू लागल्या.

मी गल्ल्यावर बसून बघत राहिले. माहेराची एवढी मांडामांड केली मी. चूल, परसातली तुळस, भिंतीवर सूप, सगळं आठवून आणलं. आणि त्यात बापच विसरले. मला माझीच लाज वाटली.

संध्याकाळी मी दारावरच्या कागदाची ‘फक्त महिला’ ही खालची ओळ फाडत होते. यशयाभाऊ टोपी हातात घेऊन मागं येऊन उभे राहिले.

“मंग ताई, उद्या येऊ का?”

“म्हणजे काय?” मी म्हणाले. “बाप कधी विचारून घरी येतो का?”